पाणी तोडायचं की द्यायचं? राजम्याच्या मुळकुजीवर एका ताईंना उत्तर

पत्र (थोडक्यात): आमचं गाव कळंब तालुक्यात, जिल्हा धाराशिव. सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन एकर राजमा पेरला. बियाणं मागच्या वर्षीचं घरचंच, बीजप्रक्रिया केली नव्हती. कोरड्यात पेरून पाटानं पाणी दिलं. उगवण बरी झाली, पण महिनाभरात पाटाच्या तोंडाकडच्या सखल भागात झाडं पिवळी पडून बसायला लागली. उपटून पाहिलं तर मूळ तांबूस आणि साल सुटलेली. आता वरच्या मुरमाड टोकालाही झाडं वाळतायत, पण तिथं खोडाचं बुड काळपट-राखाडी दिसतं. कृषी सेवा केंद्रवाले म्हणतात, पाणी तोडा आणि तीन औषधांची आळवणी करा (म्हणजे औषधाचं पाणी झाडांच्या बुडाशी ओता). दीर म्हणतात, पाण्यावाचून वाळतंय, भरपूर पाणी सोडा. सासूबाई म्हणतात, मोडा आणि ज्वारी पेरा. मुळांवर सोयाबीनसारख्या गाठीही नाहीत. कुणाचं ऐकू? आणि उपटलेली झाडं शेळ्यांना टाकली तर चालतील का?

उत्तर:

ताई, नमस्कार.

दुकानदार आणि तुमचे दीर, दोघंही बरोबर आहेत, पण आपापल्या टोकाला. दुकानदारांचं म्हणणं सखल भागाला लागू पडतं, दिरांचं मुरमाड टोकाला. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तरी एकाच वावरात दोन वेगळ्या मुळकुजी आहेत. एकीला साचलेलं पाणी लागतं, दुसरीला तहानलेलं झाड. त्यामुळे सगळ्या दोन एकराला एकच उपाय केला, तर एका टोकाचं नुकसान थांबेल आणि दुसऱ्या टोकाचं वाढेल.

आधी मूळ नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. झाड हातानं उपटू नका. कुजलेलं मूळ तुटून जमिनीत राहतं आणि आपण उरलेलं खोड बघून अंदाज बांधतो. खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीत अर्धा तास भिजू द्या आणि मग हलक्या हातानं धुवा. पूर्ण वाळलेलं झाड घेऊ नका, त्यावर नंतर आलेल्या भलत्याच बुरश्या दिसतात. अर्धवट पिवळं झालेलं घ्या आणि शेजारचं एक निरोगीही काढा, म्हणजे फरक कळतो. मग ब्लेडनं खोड उभं चिरा.

सोटमुळावर तांबूस उभ्या रेघा असतील, त्या पुढे एकमेकींत मिसळून मूळ तपकिरी-काळं झालं असेल आणि कुजलेल्या भागाच्या वर, जमिनीलगत, नवीन पांढरी मुळं फुटायचा प्रयत्न दिसत असेल, तर ती फ्युजेरियम सोलानी नावाची बुरशी. जमिनीच्या रेषेवरच खोडावर लालसर-तपकिरी, आत दबलेला व्रण असेल तर रायझोक्टोनिया. या दोघी बऱ्याचदा बरोबरच सापडतात आणि तुमच्या सखल भागात त्याच असाव्यात असा माझा कयास आहे. अगदी कोवळी रोपं पाणी लागल्यासारखी मऊ होऊन कोलमडली असती तर मी पिथियम म्हटलं असतं, पण तुमची उगवण बरी झाली म्हणता, म्हणून ती शक्यता मागे ठेवतो.

मुरमाड टोकाचं प्रकरण वेगळं. खोड राखाडी पडणं आणि साल सोलल्यावर आत बारीक काळे ठिपके पसरलेले दिसणं, ही मॅक्रोफोमिनाची खूण. ज्वारीतला खडखड्या रोग जी बुरशी आणते, तीच ही. सोयाबीन, तूर, तीळ, सूर्यफूल, मका, कापूस अशा पाचशेहून जास्त वनस्पतींवर ती जगते. ते काळे ठिपके म्हणजे तिची बीजं समजा. ती मातीत आणि धसकटात काही वर्षं तग धरतात. जमीन तापलेली आणि कोरडी असली, झाडाला ताण बसला की ही बुरशी मुळात शिरते. २८ ते ३५ अंशांची उष्णता तिला मानवते. तुम्ही पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केली. सोयाबीन निघालं की रान मोकळं दिसतं, हात शिवशिवतात, हे मला कळतं. पण त्या दिवसांत आपल्याकडे दुपारचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, आणि मुरमाड जमीन तर आणखी तापते. राजमा थंडीचं पीक आहे. रोप कोवळं असतानाच त्याला उन्हाचा आणि तहानेचा मार बसला.

आता पाचवी एक शक्यता तपासून टाका, कारण तिचा उपाय उलटा आहे. संशयित झाडाचं बुड ओल्या कापसाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन दिवस ठेवा. पांढरे धागे पसरून त्यावर मोहरीएवढे आधी पांढरे आणि मग तपकिरी दाणे धरले, तर ती स्क्लेरोशियम. न कुजलेलं शेणखत किंवा सोयाबीनची गुळी मातीत वरवर मिसळली असेल तिथं ती हमखास येते. हे दाणे दिसले तर झाडांना मातीची भर अजिबात देऊ नका. का, ते पुढे येतंच.

बुरशीच्या नादात किडी विसरू नका. बुडाजवळ खोड फुगून तडकलं असेल आणि चिरल्यावर आत बारीक अळी किंवा कोष निघाला, तर ती खोडमाशी. मुळं कुरतडून तुटलेली असतील तर ढेकळात हुमणी शोधा. या दोन्हींवर बुरशीनाशक ओतून काही होत नाही.

आणि गाठींचं म्हणाल तर त्याची काळजी सोडा. राजमा शेंगवर्गीय असला तरी आपल्याकडच्या जमिनीत त्याच्या मुळांवर सोयाबीनसारख्या गाठी धरत नाहीत. तो रोग नाही. पण त्याचा एक परिणाम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गाठी नाहीत म्हणजे हवेतलं नत्र नाही, म्हणून राजम्याला हेक्टरी ९० ते १२० किलो नत्र लागतं, साधारण निम्मं पेरणीला आणि निम्मं महिन्याच्या आत. सोयाबीनच्या हिशेबानं खत टाकलं असेल तर सगळं रान एकसारखं, खालच्या पानांपासून पिवळं पडतं. ती भूक. ठिगळाठिगळानं पिवळं पडतंय ती मुळकुज. तुमच्या पत्रात ठिगळं आहेत, पण मधलं बरं दिसणारं पीकसुद्धा फिकट वाटत असेल तर युरियाचा दुसरा हप्ता राहिलाय का ते आठवा.

आता काय करायचं ते बघू.

सखल भागापासून सुरुवात करा. तिथं 'पाणी तोडा' याचा अर्थ तीन आठवडे रान कोरडं ठेवा असा घेऊ नका. सोटमूळ कुजलेलं झाड वरच्या दोन-तीन इंच मातीत फुटलेल्या नव्या मुळांवर जगत असतं. ती माती पूर्ण सुकली तर उरलेला आधारही गेला. पाणी थोडं द्या, लवकर लवकर द्या, पण साचू देऊ नका. पाटाच्या तोंडाशी पाणी तुंबतंय तिथून बांधाकडे आजच एक चर काढा, कुदळीनं एक वीत खोल काढलात तरी पुरे. आपल्या काळ्या जमिनीत पाणी मुरल्यावर माती फुगते, भेगा मिटतात आणि मुळांना हवा मिळत नाही. हवा कोंडली की मूळ दुबळं होतं आणि मग बुरशीचं फावतं. रान चिबडू न देणं हेच इथलं पहिलं औषध. रात्रीची लाईट असली की मोटार चालू करून माणूस झोपतो आणि सकाळी सखल भागात डबकं होतं, हे गावोगाव चालतं. शक्य असेल तर या वावराचं दारं दिवसपाळीच्या आठवड्यात धरा. स्प्रिंकलर असेल तर पाटाऐवजी तोच लावा, तास-दीड तासात काम होतं.

वाफसा आला की सखल भागातल्या अर्धवट पिवळ्या झाडांना बुडाशी मातीची भर द्या. हा उपाय फुकटचा आहे आणि फ्युजेरियमवर माझ्या मते सर्वांत उपयोगी. भरीच्या मातीत खोडाला नवी मुळं फुटतात आणि झाड शेंगा भरण्यापर्यंत तग धरतं. पण पिशवीतल्या चाचणीत मोहरीसारखे दाणे दिसले असतील तर भर देणं म्हणजे स्क्लेरोशियमला खोडापर्यंत रस्ता करून देणं, म्हणून तेवढं आधी बघा. भर देताना खोल कोळपणी करू नका, उरलीसुरली मुळं तुटतील. आणि औत आधी निरोगी भागात फिरवा, रोगट भागात शेवटी. फाळाला चिकटलेल्या मातीबरोबर बुरशी पुढे जाते.

मुरमाड टोकाला याच्या उलट. तिथं पाण्याचा ताण बसू देऊ नका. मुरमाला पाणी धरवत नाही, म्हणून खालच्या काळ्या रानाला दहा दिवसांनी पाळी येत असेल तर वर पाच-सहा दिवसांनी हलकी पाळी द्या. फुलं लागताना आणि शेंगा भरताना तर चुकवू नकाच. ओळींमध्ये गव्हाच्या कोरड्या काडाचा पातळ थर अंथरला तर ओल टिकते आणि जमीन कमी तापते. सोयाबीनची गुळी मात्र त्यासाठी वापरू नका, तीच बुरशी तिच्यातही असू शकते. वाळलेली झाडं वाचणार नाहीत, शेजारची वाचवायची आहेत.

एकाच पाटावर दोन तऱ्हा कशा सांभाळायच्या, असं तुम्ही विचाराल. वरच्या टोकाला आधी वेगळे वाफे पाडून घ्या आणि मध्ये एक आडवा बांध घाला. एका दिवसाची मेहनत आहे, पण त्यावाचून बाकीचं सगळं बोलणं फुकट.

औषधांबद्दल माझं मत तुम्हाला थोडं कडवट वाटेल. मूळ कुजल्यावर ते जोडून देणारं औषध नाही. आळवणीनं रोगट ठिगळाच्या कडेची, अजून हिरवी असलेली झाडं वाचवता येतात, तीही वेळेवर केली तर. म्हणून अख्ख्या दोन एकराला आळवणी करू नका. ठिगळ आणि त्याभोवतीच्या तीन-चार ओळी, बस्स. तीन औषधं एकत्र तर नकोच. कार्बेन्डाझिम फ्युजेरियम, रायझोक्टोनिया यांच्यावर काम करतं, पिथियमवर अजिबात नाही. पिथियमला मेटॅलॅक्झिल गटातलं लागतं. कोणती बुरशी ते न बघता दोन्ही ओतायची आणि वर ह्युमिकची बाटली, यात बिल वाढतं. राजम्यासाठी नोंदणी असलेली औषधं मुळात कमी आहेत, म्हणून घेण्याआधी डब्यावरच्या लेबलवर पीक, रोग आणि प्रमाण वाचा. वाचता येत नसेल इतकी बारीक अक्षरं असतात हे खरं, दुकानदारांना वाचून दाखवायला सांगा. आणि पक्की पावती घ्या.

आळवणीचा दुसरा मार्ग ट्रायकोडर्माचा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्सही आपल्या भागात बरेच शेतकरी वापरतात. या जिवंत बुरश्या आणि जिवाणू आहेत. पाकिटावरची तारीख बघून ताजं घ्या, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि रासायनिक बुरशीनाशकाबरोबर एकाच टाकीत कधीही मिसळू नका. कार्बेन्डाझिम ओतून दुसऱ्या दिवशी ट्रायकोडर्मा सोडणं म्हणजे दोन्हीचे पैसे पाण्यात. मला विचाराल तर तुमच्या सखल भागाला मी ओल असताना, संध्याकाळच्या वेळी ट्रायकोडर्माच देईन. पण तो आजच्या आजारी झाडापेक्षा पुढच्या पिकासाठी जास्त उपयोगी, हे समजून खर्च करा.

सासूबाईंचं म्हणणं मी शेवटी घेतलं, कारण ते अर्धं फार शहाणपणाचं आहे. तुमच्या रानाची खरी दुखणी सोयाबीन-राजमा, सोयाबीन-राजमा या फेऱ्यात आहेत. दोन्ही शेंगवर्गीय आणि रायझोक्टोनिया, मॅक्रोफोमिना या दोन्हींना दोन्ही पिकं चालतात. बुरशीला बारा महिने घरचंच जेवण मिळतं. मध्ये तृणधान्य आलंच पाहिजे. फक्त यंदा ज्वारीची वेळ गेली, रब्बी ज्वारी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरून व्हावी लागते. सखल भागात मोठं ठिगळ रिकामं झालं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तिथं उशिराचा गहू टोचता येईल. राजम्याच्या रिकाम्या जागी पुन्हा राजमा लावू नका.

पुढच्या वर्षी मात्र सासूबाईंची ज्वारी पेरा, ती खालच्या काळ्या, भारी रानात. वरच्या मुरमाड टोकाला नको. खडखड्या नेमका तिथं येतो जिथं ज्वारी पोटऱ्यातून निसवून दाणे भरताना जमिनीतली ओल संपते, आणि तुमच्या त्या टोकाला बुरशी आधीच मुक्कामाला आहे. तिथं खरिपात बाजरी घ्या, शेणखत भरपूर द्या. सेंद्रिय कर्ब वाढला की ओल धरायची ताकद वाढते, आणि मॅक्रोफोमिनाचं निम्मं बळ तिथंच जातं. राजमा त्याच जागी परत आणायचा तर दोन-तीन वर्षं जाऊ द्या. दोन एकरांत ते अवघड आहे, मान्य. निदान रान अर्धं-अर्धं करून आलटून पालटून घ्या.

पुन्हा राजमा घ्याल तेव्हाची पूर्वतयारी उन्हाळ्यापासून धरा. एप्रिल-मे महिन्यात खोल नांगरट करून रान तापू द्या, धसकटं वेचून बाहेर काढा. तुमच्याकडे दरवर्षी रोटाव्हेटर चालत असेल तर पाच-सहा इंचांखाली माती दाबून कडक थर तयार झालेला असतो. चर खणून बघा, कुदळ जिथं टणकन वाजते तो थर. पाणी त्यावर अडतं, मूळ त्यावर वाकतं आणि कूज तिथूनच सुरू होते. तीन-चार वर्षांतून एकदा कोरड्या जमिनीत चिजल नांगर किंवा सबसॉयलर घातला तर तो फुटतो. माझ्या मते तुमच्या सखल भागात औषधापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

एकरी दोन किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत, गोणपाटाखाली ओलसर ठेवा. आठ-दहा दिवसांनी पेरणीच्या आधी ओल्या मातीत पसरून वखराची पाळी घाला. बियाण्याला कार्बोक्झिन ३७.५ टक्के आणि थायरम ३७.५ टक्के हे संयुक्त बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम चोळता येतं, म्हणजे बियाण्याला रसायन आणि मातीला ट्रायकोडर्मा. रसायन नको असेल तर बियाण्यालाही ट्रायकोडर्मा किलोला ८ ते १० ग्रॅम लावा, पण दोन्हींपैकी एकच. हातमोजे घाला आणि बियाणं सावलीत सुकवा.

घरचं बियाणं वापरायला हरकत नाही, पण रोगट ठिगळातलं एकही झाड त्यात येऊ देऊ नका, कारण मॅक्रोफोमिना बियाण्यातूनही येते. मळणी यंत्र जोरात फिरवलं की राजम्याच्या मोठ्या दाण्याला बारीक तडे जातात. पेरल्यावर त्या तड्यांतून साखर मातीत पाझरते आणि बुरशी तिकडे धावते. बियाण्यापुरता राजमा काठीनं बडवून काढलेला बरा. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा.

पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, उन्हाची तलखी उतरल्यावर करा. रान आधी ओलवून घ्या, वाफसा आला की मगच पेरा. कोरड्यात पेरून वरून पाणी सोडलं की काळी माती दाण्याभोवती चिखल होऊन घट्ट बसते. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन घेतलं असेल तर वरंबे न मोडता त्यावरच राजमा घ्या, जास्तीचं पाणी सरीतून निघून जाईल. ठिबक असेल तर फारच छान.

खात्री करून घ्यायची असेल तर नमुना तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीला विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. दोन्ही टोकांची झाडं वेगवेगळी बांधा, मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. हवाबंद प्लास्टिकमध्ये नेली तर पोहोचेपर्यंत सडतात आणि तपासणाऱ्याला काही कळत नाही. चिठ्ठीवर पेरणीची तारीख, आधीचं पीक आणि कोणतं औषध दिलं ते लिहा.

राहिला शेळ्यांचा प्रश्न. आळवणी केली असेल तर त्या ठिगळातला पाला शेळ्यांना मुळीच टाकू नका, औषध त्यांच्या पोटात जाईल. आळवणी केली नसेल तरी मुळांसकट रोगट झाडं गोठ्याकडे नेऊ नका, आणि उकिरड्यावर तर अजिबात टाकू नका. घरचा उकिरडा एवढा तापत नाही की ते काळे ठिपके आणि मोहरीसारखे दाणे मरतील. जूनमध्ये शेणखताबरोबर ते पुन्हा वावरात येतील. झाडं घमेल्यात गोळा करा, वाटेत माती सांडू देऊ नका, आणि वावराबाहेर, जिथलं पाणी उतरून वावरात येणार नाही अशा बाजूला खड्डा करून पुरा.